सुगरणीचा खोपा आणि सलीम अली

१९३० साली सलीम अली बर्लिनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या हाती नोकरी नव्हती. ज्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयातून ते अभ्यासरजेवर गेले होते, तेथील निसर्गविज्ञान विभागातील मार्गदर्शक-व्याख्यात्याचे त्यांचे पद पैशाअभावी रद्द करण्यात आले होते. युरोपातील एका अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेल्या माणसाला पक्ष्यांच्या अभ्यासावर पोट भरता येईल, अशी जागा त्या वेळच्या हिंदुस्थानात जवळजवळ नव्हतीच. लग्नाला अकरा वर्षे झालेली, गाठीशी फारसा पैसा नाही आणि मुंबईतला बिऱ्हाडाचा खर्च तर चालूच. अशा वेळी पत्नी तेहमिना यांच्या माहेरच्या मंडळींचे किहीम येथील एक लहानसे घर त्यांच्या उपयोगी पडले. मुंबई बंदराच्या पलीकडे, तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ असलेल्या या किनारी गावात हे दांपत्य राहावयास गेले. तो पावसाळ्याचा काळ होता आणि घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांनी आपली वसाहत थाटली होती.

सलीम अलींच्या नावावर पुढे मोठमोठे ग्रंथ, सर्वेक्षणे आणि सन्मान जमा झाले. परंतु एक स्वतंत्र शास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख प्रथम पटली ती या बेकारीच्या दिवसांत, एका अतिसामान्य पक्ष्याच्या घरट्यांकडे तासन् तास पाहत बसल्यामुळे.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, खेतवाडीत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यामुळे सलीमच्या हाती खेळण्यातली छर्‍याची बंदूक लवकरच आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता उद्योग बनला. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे मुलाच्या लक्षात आले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे दार एका बिचकत आलेल्या मुलाला असे उघडले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले, संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पुढे कातडी सोलून नमुना कसा टिकवायचा तेही शिकवले. हा प्रसंग सर्वश्रुत आहे. शालेय पुस्तकांतूनही तो येतो.

त्यामानाने दुसरा एक प्रसंग कमी सांगितला जातो, कदाचित तो तितकासा गोंडस नसल्यामुळे. १९०६-०७च्या सुमारास, म्हणजे वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, या मुलाने तबेल्याच्या भिंतीतील भोकात केलेले चिमणीचे घरटे हेरले. आत मादी अंड्यांवर बसलेली असे आणि बाहेर नर पहारा देई. मुलाने उभ्या असलेल्या गाडीच्या आडून तो नर टिपला. थोड्याच वेळात त्याच जागी दुसरा नर हजर झाला. तोही पडला, तर तिसरा आला. सात दिवसांत एकाच घरट्याबाहेर आठ नर मारले गेले आणि दर वेळी मादीला नवा जोडीदार मिळत गेला. मुलाने हे सारे टिपून ठेवले. पुढे अनेक वर्षांनी नामवंत शास्त्रज्ञ झालेल्या सलीम अलींनी हे बालपणीचे टिपण प्रसिद्धही केले. त्यातली क्रूरता स्पष्ट आहे. तरीही घरटे हे केवळ अंडी ठेवण्याचे ठिकाण नसून तेथे नरमाद्यांचे काही ठरावीक व्यवहार चालतात आणि ते मोजता येतात, ही दृष्टी त्या नोंदीत आधीच दिसते. किहीमला त्यांनी जे केले त्याचे बीज येथे आहे. बंदुकीची जागा मात्र तोवर आडोशाने आणि वहीने घेतली होती.

शिक्षणात त्यांचा जीव रमला नाही. डोकेदुखीच्या त्रासामुळे शाळा सुटली, काही काळ सिंधमध्ये राहावे लागले आणि १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा कशीबशी पार पडली. त्यानंतर ब्रह्मदेशातील तवॉय येथे कुटुंबाच्या वुल्फ्रामच्या खाणी आणि लाकूड यांच्या व्यवसायात मदत करावयास ते गेले. खाणीपेक्षा भोवतीच्या जंगलात त्यांचे मन अधिक गुंतले, हे सांगावयास नकोच. मुंबईस परतल्यावर दावर कॉलेजात व्यापाराचे शिक्षण चालू असतानाच सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे त्यांनी प्राणिशास्त्राचे पाठ घेतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातला धंदा काही टिकला नाही. सरकारच्या प्राणिविज्ञान सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही, कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. अखेर १९२६ साली वस्तुसंग्रहालयातली दरमहा ३५० रुपयांची नोकरी मिळाली. तेथे येणाऱ्या लोकांना काचेमागचे पक्षी समजावून सांगणे हे काम. दोन वर्षांत त्यांना या कामाचा कंटाळा आला आणि अधिक शिकण्यासाठी रजा घेऊन ते जर्मनीला गेले.

ही जर्मनीची निवड महत्त्वाची ठरली. इंग्रजी अमलातल्या माणसाने लंडनकडे जावे, हा तेव्हाचा रिवाज. परंतु बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयातील एर्विन स्ट्रेझमान यांनी आपुलकीने बोलावले आणि सलीम अलींनी बर्लिन पसंत केले. स्ट्रेझमान यांच्या भोवती तेव्हा एक नवी विचारधारा आकार घेत होती. तोवरचे पक्षिशास्त्र बहुतांशी मेलेल्या पक्ष्यांचे होते. कातडी गोळा करायची, पंखांची आणि चोचीची मापे घ्यायची, जाती-उपजाती ठरवायच्या. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी हे काम फार निष्ठेने केले होते. जिवंत पक्षी काय खातो, जोडी कशी जमवतो, पिल्ले कोण वाढवतो, या प्रश्नांना बर्लिनमध्ये तितकेच मोल दिले जात होते. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचे तंत्रही त्यांनी शिकून घेतले. स्ट्रेझमान यांना सलीम अली अखेरपर्यंत आपले गुरू मानत.

असा माणूस किहीमला आला. वेळ भरपूर आणि साहेब कोणी नाही. समोर सुगरणींची वसाहत. हाच पक्षी हिंदीत आणि इंग्रजीत बया म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात याच्याइतका परिचित पक्षी क्वचितच असेल. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झाडाला लोंबणारे त्याचे खोपे मराठवाड्यापासून कोकणापर्यंत दिसतात. पुढे बहिणाबाई चौधरींच्या कवितेने तर हा खोपा घराघरांत पोचवला. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि विणकामाचे सारे श्रेय मादीला दिले. वस्तुस्थिती उलट आहे. खोपा विणतो तो नर.

नर विणतो हे पक्षिशास्त्रज्ञांना ठाऊक होते. कोडे वेगळेच होते. सुगरणींच्या प्रत्येक वसाहतीत पूर्ण खोप्यांच्या जोडीने कितीतरी अर्धवट खोपे लटकताना दिसत. शिरस्त्राणासारखा उलटा घुमट, त्याखाली आडवा पट्टा आणि बस्स. हे अर्धे खोपे नराच्या बसण्या-झोपण्यासाठी असावेत, झोपाळ्यासारखा त्यांचा उपयोग होत असावा, असे तर्क पूर्वीपासून चालत आले होते. कोणी सलग बसून पाहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

सलीम अली सलग बसले. आडोशाला दडून, प्रत्येक खोप्याचा हिशेब स्वतंत्र ठेवत, कोणत्या नराने कोठे गाठ मारली, कोणत्या खोप्यात कोणती मादी शिरली, अंडी केव्हा आली, याची नोंद त्यांनी दिवसामागून दिवस केली. वरवर सोपे वाटणारे हे काम फार चिकाटीचे आहे. विणीच्या हंगामात नराच्या डोक्यावर सोनेरी पिवळी टोपी चढते, त्यामुळे नर निदान ओळखू येतो. माद्या सगळ्या चिमणीसारख्या मळकट आणि एकमेकींची प्रतिकृती. त्यात पावसाची झड, वाऱ्याने हेलकावणाऱ्या फांद्या आणि एकाच वेळी चाललेला सगळ्या नरांचा कलकलाट. जरा नजर हलली की साखळी तुटते.

या निरीक्षणातून जे चित्र उभे राहिले ते थोडक्यात असे. नर गवताच्या किंवा ताडमाडाच्या पातीला चोचीने कडेशी खाच पाडतो, तिचे टोक धरून उडतो आणि लांब दोरा सोलून आणतो. फांदीला गाठी मारून आधी एक कडे, मग त्यावर घुमट. शिरस्त्राणाच्या अवस्थेपर्यंत खोपा आला की विणकाम थांबते. आता माद्या येतात. नर पंख फडफडवत, ओरडत, खोप्याला लटकून त्यांना बोलावतात. मादी आत शिरते, विणीला हिसके देऊन पाहते, बाहेर येते, शेजारचा खोपा तपासते. पसंत पडला तर ती तेथे राहते आणि त्यानंतरच नर अंड्यांची खोली बंद करून खालची लांब नळी विणू लागतो. पसंत न पडलेला खोपा तसाच लटकत राहतो. अर्ध्या खोप्यांचे कोडे असे सुटले. ते झोपाळे नव्हते. माद्यांनी नाकारलेली घरे होती ती.

पुढचा शोध याहून मोठा. एक पूर्ण खोपा विणावयास नराला सुमारे अठरा दिवस लागतात. मादीने अंडी घातली की त्याचे तिच्याकडे लक्ष राहत नाही. तो जवळच दुसरा खोपा विणू लागतो, दुसरी मादी मिळवतो आणि हंगाम उरला असेल तर तिसराही घाट घालतो. इकडे पहिली मादी दोन ते चार अंडी एकटीच उबवते. साधारण पंधरा दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना कीटक भरवण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच असतो. पिल्लांना खोपा सोडावयास आणखी अडीच आठवडे लागतात. म्हणजे सुगरण नर एकाच वेळी अनेक माद्यांचा संसार थाटत नाही. एकीनंतर एक अशी त्याची क्रमवार बहुपत्नीकता असते. या पक्ष्याच्या प्रजननाचे हे स्वरूप सलीम अलींनी प्रथमच उलगडून दाखवले. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात सुगरणीच्या घरटे बांधण्याच्या सवयींवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पदवी नसलेल्या या माणसाकडे जाणकार वेगळ्या नजरेने पाहू लागले.

या यशात तेहमिना यांचा वाटा किती, हे निबंधातून कळत नाही. त्या इंग्लंडमध्ये वाढलेल्या, उर्दू काव्याच्या चाहत्या. उत्पन्न नसलेल्या नवऱ्याने पुन्हा धंद्यात पडावे, असा हट्ट त्यांनी धरला असता तर त्यात वावगे काहीच नव्हते. त्यांनी उलट त्याला पक्ष्यांच्याच मागे राहू दिले, आडगावी संसार मांडला आणि पुढच्या भटकंतीत तंबूतले जिणेही पत्करले. ९ जुलै १९३९ रोजी एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. उरलेले आयुष्य ते बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी, वांद्र्याच्या पाली हिलवर राहिले.

किहीमनंतर उपजीविकेचा मार्ग त्यांनी स्वतःच शोधून काढला. संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी कोणी केली नव्हती. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, मेहनताना नको, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. पहिले काम हैदराबादचे. १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातील पक्ष्यांचे सर्वेक्षण त्यांनी केले. आज धाराशिव जिल्ह्यात असलेले आणि फटाक्यांच्या उद्योगामुळे ठाऊक झालेले तेरखेडा असो, की परभणी-बीडकडची गावे, हा सारा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. पाठोपाठ त्रावणकोर-कोचीन आणि इतर संस्थाने आली. या मोहिमांत नमुन्यासाठी पक्षी मारले जात, हे विसरता येत नाही. शास्त्रासाठी आवश्यक तेवढी शिकार त्यांनी कधी निषिद्ध मानली नाही आणि ती लपवलीही नाही. बया मात्र त्यांच्या मागे राहिलाच. कुमाऊंच्या तराईत दीर्घकाळ कोणाला न दिसलेला फिनचा बया त्यांनी पुन्हा शोधून काढला. १९५०च्या दशकात वि. सी. आंबेडकर यांच्यासह त्यांनी सुगरणीवर पुन्हा लिहिले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आंबेडकरांनी भारतीय विणकर पक्ष्यांच्या प्रजननाचा सविस्तर अभ्यास केला.

घरट्यांवर नजर ठेवण्याची साधने त्यांच्या हयातीतच बदलू लागली. १९४२ साली जपानी आक्रमणामुळे सिंगापूर सोडून भारतात आलेले चित्रपट व्यावसायिक लोके वान थो त्यांचे जिवलग स्नेही बनले. लोके उत्तम छायाचित्रकार होते. घरट्यासमोर आडोसा उभारून कॅमेरा रोखून बसण्याची चैन त्यांना परवडत होती आणि सलीम अलींच्या अनेक मोहिमांना त्यांनी पैशाचेही बळ दिले. ब्रिटनमध्ये नाहीसा झालेला ऑस्प्रे हा मासेमार शिकारी पक्षी १९५४ साली स्कॉटलंडमध्ये पुन्हा घरटे करू लागला. अंडीचोरांपासून त्याला वाचवण्यासाठी १९५९ पासून लॉक गार्टन येथील घरटे लोकांना दुरून पाहण्यासाठी खुले करण्यात आले. पुढे अशा घरट्यांवर कॅमेरे बसले. आज वेल्समधील डिफी किंवा अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या मिझूला येथील ऑस्प्रेच्या घरट्यात काय चालले आहे, ते मुंबई-पुण्यातल्या घरी बसून पाहता येते. नर मासा आणतो, मादी त्याचे तुकडे भरवते, आधी जन्मलेले पिल्लू धाकट्याला मागे रेटते, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले पंख पसरून वाऱ्यात अधांतरी उचलली जातात. हाच पक्षी हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर भिगवणला पाहुणा येतो, मात्र महाराष्ट्रात घरटे करीत नाही. कॅमेरा ना भिजत, ना पेंगत, हे खरे. परंतु तो नाकारलेल्या खोप्याचा अर्थ सांगत नाही. तेथे अजूनही वही घेऊन बसणारे कोणीतरी लागते आणि या घरट्यांच्या रोजच्या नोंदी ठेवणारे हौशी लोक जगभर आहेत, ही त्यातली आनंदाची बाब.

सलीम अलींच्या उत्तरायुष्याची हकीकत बरीच परिचित आहे. १९४१ साली 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आले आणि सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन पडले. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते इंदिरा गांधींना भेट दिले होते. स्वातंत्र्यानंतर आर्थिक अडचणीत सापडलेल्या सोसायटीसाठी त्यांनी नेहरूंकडेच मदत मागितली आणि ती मिळाली. भरतपूरचे केवलादेव पाणथळ आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवण्यात त्यांच्या शब्दाचे वजन कामी आले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी स्वतःकडे न ठेवता निसर्गसंवर्धनाच्या निधीला दिली. मोटारसायकलचे वेड त्यांना आयुष्यभर होते. १९५० साली स्वीडनमधील पक्षिशास्त्र परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपला नेली होती. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा त्यांचा कोश दहा खंडांत, १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पक्ष्यांच्या शास्त्रीय क्रमानुसार चिमण्या आणि विणकर पक्षी अगदी शेवटी येतात. त्यामुळे लहानपणी मारलेली पिवळ्या कंठाची चिमणी आणि किहीमची सुगरण या दोघींची पाळी दहाव्या खंडात आली. तोवर सलीम अली ७७ वर्षांचे झाले होते. १९८५ साली निघालेल्या आत्मचरित्राला त्यांनी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' असे नाव दिले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा पावसाळा सुरू होत होता आणि कोकणात सुगरणींच्या विणीचे दिवस जवळ आले होते.